सतारीची बोटं: फोड, चिरा आणि घट्टे

सतार शिकायला घेतली की पहिल्या आठवड्यात डाव्या तर्जनीचं टोक लाल होतं आणि दुसऱ्यात तिथे पाणी भरतं. मग शेजारपाजारचे, वर्गातले सगळे एकच सांगतात: "घट्टा पडला की दुखायचं थांबेल." हे अर्धंच खरं आहे. घट्टा पडतो, पण कसा पडतो यावर पुढची अनेक वर्षं अवलंबून असतात. बारीक, सपाट आणि लवचीक घट्ट्यावरून तार तेलासारखी सरकते. जाड, कडक आणि खोल खाचेचा घट्टा मींडेत (तार आडवी ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकताना) तार अडकवतो, थंडीत फुटतो आणि मैफिलीच्या आदल्या दिवशी सालपट निघून हातात येतो. असा जाड घट्टा बहुतेक वेळा सांगत असतो की बोट गरजेपेक्षा जास्त दाबलं जातंय किंवा वाद्यात काही बिघडलंय.

हार्पवाले दोन्ही हातांच्या उघड्या बोटांनी तारा छेडतात, म्हणून त्यांना फोड दोन्हीकडे येतात. सारंगीवाले नखाच्या मुळाशी तार लावतात, सरोदवाले बहुधा नखाच्या कडेने. सतारीत डावीकडे तर्जनी आणि मधलं बोट सोसतात, उजवीकडे नखीखालचं, म्हणजे तार छेडायला घालतात त्या मिजराबीखालचं बोट. दोन्हीकडची दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

बोटावर किती भार येतो

बाजाची तार, म्हणजे जिच्यावर मुख्य वादन होतं ती, साधारण 0.30 मिलिमीटर जाडीची पोलादी तार असते. घोडीपासून (भोपळ्यावरची, तारा टेकतात ती पट्टी) दांडीच्या वरच्या पट्टीपर्यंत लांबी 88 सेंटिमीटरच्या आसपास धरली आणि षड्ज काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) ठेवून ही तार मंद्र मध्यमात मिळवली, तर तिच्यात सुमारे 6 किलोचा ताण येतो. आता षड्जाच्या पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या कांबीवर) तार आडवी ओढून पंचमापर्यंत मींड घ्या. कंपनसंख्या दीडपट झाली म्हणजे ताण त्याच्या वर्गाने, सव्वादोन पट वाढला. तो साडेतेरा किलोंच्या घरात जातो. सगळा भार बोटावर येत नाही हे खरं, पण जो येतो तो ज्वारीच्या दाण्याहून बारीक पट्ट्यावर येतो, आणि वरून तार घासतही असते.

फोड येतो तो या घासण्यामुळे. नुसत्या दाबाने फोड येत नाही. त्वचेचा वरचा थर तारेबरोबर ओढला जातो, खालचा थर हाडाशी बांधलेला असल्याने जागेवर राहतो, मधल्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी झिरपतं. म्हणून मींडेशिवाय तासभर पलटे (स्वरांचे सरावाचे प्रकार) वाजवूनही काही न होणारं बोट पंधरा मिनिटांच्या मींडेने फुगतं. घाम असेल तर आणखी लवकर, कारण किंचित दमट त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा तारेला जास्त धरते.

घट्टा मात्र दाब आणि घर्षण थोडंथोडं, रोज, विश्रांती देऊन मिळालं की बनतो. त्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. म्हणून पहिला कामाचा घट्टा चार ते सहा आठवड्यांत येतो आणि आठ तास वाजवून तो दोन आठवड्यांत आणता येत नाही. रक्त येईस्तोवर रियाज केल्याच्या गोष्टी ऐकायला छान वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक मोठा फोड शिकणाऱ्याला पाच-सात दिवस मागे ढकलतो.

आधी वाद्य तपासा

बोटाला औषध लावण्यापूर्वी तारेवरून नखाची कड हळूच फिरवा. खरखर लागली तर तार गंजलेली आहे, आणि गंजलेली तार कानशीसारखी त्वचा कापते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात बाजाची तार तीन-चार आठवड्यांतही खराब होते. कोरड्या हवेत दोन-तीन महिने टिकते. वाजवून झाल्यावर सुती कोरड्या फडक्याने तार वरून आणि खालूनही पुसावी. खालची बाजू बहुतेक लोक विसरतात आणि गंज तिथूनच सुरू होतो.

मग पडदे बघा. ज्या पडद्यांवर जास्त वाजतं तिथे तारेची खाच पडलेली असते. मींड घेताना तार त्या खाचेतून बाहेर काढायला बोटाला एक झटका द्यावा लागतो, आणि तिथेच कातडी सरकते. उथळ खाच 600 नंबरच्या पॉलिश पेपरने, नंतर 1000 नंबरच्या पेपरने पडद्याच्या गोलाईवरून घासून घालवता येते. घासताना खाली तरफा (पडद्यांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा) असतात, त्यांवर कागदाची पट्टी सरकवून ठेवा. नाहीतर धातूचा चुरा तरफांवर बसतो आणि घोडीपर्यंत जातो. खाच खोल असेल तर मात्र स्वतः कानस हातात घेऊ नये, कारीगराकडे द्यावं. महाराष्ट्रात हे काम मिरजेला पिढ्यान्‌पिढ्या चालतं. तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. कारीगराला "सतार कडक वाजते" एवढंच न सांगता कोणत्या पडद्यावर, कोणत्या मींडेत तार अडकते ते सांगावं. पडद्यांपासून तार फार उंच असेल तर घोडीही बघायला सांगावी.

तारेची जाडी आणि स्वर यांनी बराच फरक पडतो. 0.32 ऐवजी 0.30 ची तार लावली तर त्याच स्वराला ताण सुमारे 12 टक्क्यांनी कमी होतो. 0.30 वरून 0.28 वर आलात तर आणखी 13 टक्के. षड्ज काळी एकवरून पांढरी एकवर उतरवला तर 11 टक्के, आणखी एक अर्धस्वर खाली नेला तर मूळच्या मानाने 21 टक्के. नवशिक्याने पहिले तीन महिने पांढरी एकला वाजवावं असं आमचं मत आहे. पातळ तारेचा आवाज थोडा कोता वाटतो आणि तार मींडेत स्वर सोडून पळते, म्हणून 0.28 च्या खाली मात्र जाऊ नये. दुकानात तार मागताना जाडी मिलिमीटरमध्ये सांगा. "बाजाची तार द्या" म्हटलं की हाताला येईल ती मिळते.

तार बोटाला कुठे लागते

तर्जनीच्या टोकाच्या अगदी मध्यावर तार घेतली तर मऊ गादी दबते आणि तार खोल रुतते. नखाच्या खाली दोन-तीन मिलिमीटरवर, किंचित अंगठ्याच्या बाजूला झुकलेल्या जागी घेतली तर मांस कमी दबतं आणि मागे हाडाचा आधार मिळतो. त्यासाठी डाव्या हाताची नखं त्वचेच्या रेषेपर्यंत कापलेली हवीत. नख वाढलं की बोट आपोआप आडवं पडतं आणि तार गादीच्या पोटावर सरकते. तिथे आलेला फोड सगळ्यात जास्त दुखतो.

बोट पडद्याच्या लगेच मागे पडावं. पडद्यापासून बोटभर मागे दाबलं तर तेवढाच स्पष्ट स्वर काढायला जास्त जोर लागतो. किती जोर पुरतो हे शोधायला एक सोपा प्रयोग आहे. एक स्वर वाजवत राहा आणि दाब हळूहळू कमी करत न्या. स्वर खरखरायला लागला की तिथे थांबा आणि नखभर दाब वाढवा. तेवढाच दाब खरा लागतो. बहुतेकांना हे करताना कळतं की आपण त्याच्या दोन-तीन पट दाबत होतो.

मींडेत तार ओढायचं काम मनगट आणि कोपराखालच्या हाताने करायचं. बोट फक्त आकड्यासारखं वाकलेलं राहतं. बोटाची पेरं सरळ-वाकडी करून तार ओढली तर तार त्वचेवर घसरते. मनगटाने ओढली तर बोट आणि तार एकत्र जातात, घासणं जवळजवळ होतच नाही. मोठ्या मींडेला तर्जनीच्या जोडीला मधलं बोट लावावं, भार दोघांत वाटला जातो. अंगठ्याने दांडी आवळून धरू नये, तो मागे नुसता टेकलेला असावा. अंगठा दुखतो म्हणजे तर्जनीही गरजेपेक्षा जास्त दाबते आहे.

कृंतन आणि जमजमा या डाव्या बोटांनीच स्वर काढायच्या प्रकारांचा हिशोब वेगळा. इथे बोट तारेला हिसका देऊन सुटतं आणि घट्ट्याची कड दरवेळी थोडी उचलली जाते. उस्ताद विलायत खाँ यांच्या गायकी अंगात, म्हणजे गळ्यासारखं वाजवायच्या शैलीत, मींडेचा भार जास्त. उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या जाफरखानी बाजात डाव्या हाताच्या अशा सुट्या, झटक्याच्या कामाला मोठं स्थान आहे. पहिल्यात घट्ट्याला खाच पडते, दुसऱ्यात त्याच्या कडा सुटतात. आपण काय वाजवतो त्यावरून घट्ट्याची कुठली बाजू सांभाळायची ते ठरतं.

पहिले आठ आठवडे

पहिल्या आठवड्यात एका बैठकीत दहा मिनिटं, दिवसात तीन बैठका, मध्ये किमान दोन तास. फक्त सरळ अलंकार, मींड नाही. दुसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटांच्या तीन बैठका. तिसऱ्या आणि चौथ्यात वीस मिनिटं, आणि शेवटची पाच मिनिटं एका स्वराची मींड. पाचव्यापासून अर्ध्या तासाच्या दोन किंवा तीन बैठका, दोन स्वरांची मींड. आठव्या आठवड्याच्या शेवटी तीन स्वरांची मींड आणि पाऊण तासाची सलग बैठक बहुतेक बोटांना झेपते. उरलेल्या वेळी उजव्या हाताचे बोल वाजवा, मोकळ्या तारेवर दा रा, दिर दिर. त्याने बोटांचं काही बिघडत नाही.

एक खूण लक्षात ठेवा. फोड येण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी त्या जागी चुरचुर होते आणि बोट गालाला लावलं तर गरम लागतं. त्याच क्षणी बैठक थांबवली, बोट थंड पाण्याखाली दोन मिनिटं धरलं, कोरडं केलं आणि चार तास तसंच सोडलं, तर फोड बहुधा येत नाही. "एवढी एक गत संपवून उठतो" म्हणणाऱ्यांना तो येतो.

तेलाची डबी

सतारियाच्या मांडीजवळ छोटी डबी असते, तिच्यात तेलात भिजलेला कापूस. बोटाचं टोक त्यावर टेकवून तारेवर ठेवलं की घर्षण उतरतं आणि मींड मऊ होते. डबी दीड-दोन इंचांची पुरे. कापसाचा घट्ट बोळा बसवायचा आणि खोबरेल किंवा मोहरीचं तेल सात-आठ थेंबच घालायचं. कापूस दाबल्यावर तेल वर तरंगलं तर जास्त झालं. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं, म्हणून पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात मोहरीचं बरं, किंवा दोन्ही अर्धंअर्धं. महिन्याने कापूस बदला. त्यात तारेची काळी भुकटी जमते आणि ती वाळूसारखं काम करते.

तेल आणि टाल्कम पावडर एकत्र लावू नका, त्याची लेई होते. उजव्या हाताला तेल लागलं तर नखी फिरते. आणि फुटलेल्या फोडावर किंवा ओल्या चिरेवर डबीतलं तेल कधीच नको. तो कापूस स्वच्छ नसतो.

बोटावर पडलेली काळी रेघ अनेकांना घाबरवते. ती तारेच्या धातूचा आणि तेलाचा मळ असते. साबण आणि जुन्या मऊ टूथब्रशने उतरते, पूर्ण गेली नाही तरी बिघडत नाही.

फोड आलाच तर

वाटाण्याहून लहान आणि न दुखणारा फोड फोडू नये. वरची कातडी म्हणजे निसर्गाने दिलेली सगळ्यात चांगली पट्टी. तीन-चार दिवसांत पाणी आपोआप जिरतं. दिवसा त्यावर साधी चिकटपट्टी, रात्रीही ठेवली तरी चालेल. रक्ताचा, काळसर लाल फोड तर अजिबात उघडायचा नाही.

फोड मोठा आहे, टम्म आहे आणि बोट कशालाच लागू देत नाही, तेव्हाच पाणी काढायचं. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर हे घरी करू नये, डॉक्टरांकडे जावं. बाकीच्यांनी असं करावं:

1. दोन्ही हात साबणाने नीट धुवा. फोडावर आणि भोवती सर्जिकल स्पिरिट लावा, वाळू द्या.

2. केमिस्टकडून सीलबंद, एकदाच वापरायची इंजेक्शनची सुई घ्या. ती काही रुपयांत मिळते. शिवणाची सुई मेणबत्तीवर धरली तर काजळी जखमेत जाते.

3. फोडाच्या तळाशी, कडेला, तार जिथे लागते त्या रेषेपासून दूर, सुई जवळजवळ आडवी धरून दोन छिद्रं पाडा. सुई फक्त वरच्या कातडीतून जायला हवी. दुखलं तर खोल गेली.

4. स्वच्छ गॉझने हलकं दाबून पाणी टिपा. सालपट अजिबात ओढू नका, ते तळाला चिकटू द्या.

5. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर चिकटपट्टी. रोज आणि ओली झाली की लगेच बदला. पहिल्या चोवीस तासांत पुन्हा पाणी भरलं तर पुन्हा एकदा तसंच काढा.

सालपट आधीच फाटून गेलं असेल तर खालची गुलाबी त्वचा चांगलीच झोंबते. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दुमडून लोंबणारा तुकडा तेवढा स्वच्छ कात्रीने काढा, बाकी राहू द्या. अशा जागेवर हायड्रोकोलॉइड पट्टी चांगली बसते. ती जखम ओलसर ठेवते आणि दोन-तीन दिवस तशीच राहू शकते. हळद दाबायची सवय अनेक घरांत आहे. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण जखमेत राहतात आणि खाली लाली वाढतेय का तेही दिसेनासं होतं. इथे ती टाळावी.

पुन्हा कधी वाजवायचं? बोटाचं टोक टेबलावर घट्ट दाबा आणि पुढे-मागे सरकवा. दाबल्यावर दुखत नाही पण सरकवल्यावर दुखतं, अशी अवस्था असेल तर अजून दोन दिवस थांबा. दोन्हीला काही वाटलं नाही तर पाच मिनिटं पलटे, मींडेशिवाय, दिवसातून दोनदा. तीन दिवस असे निभावले की एका स्वराची मींड. तोवर सगळं मधल्या बोटावर ढकलण्याचा मोह होतो आणि आठवड्याने त्यालाही फोड येतो, म्हणून त्याचाही वेळ निम्माच ठेवा. पट्टी लावून वाजवण्याचा प्रयत्न बहुतेक जण करून बघतात. सतारीत ती तारेला चिकटते, गोळा होते आणि खालचं सालपट घेऊन निघते.

चिरा

फोडापेक्षा चीर हट्टी. घट्ट्याला पडलेल्या खाचेच्या तळाशी त्वचा फाटते आणि प्रत्येक मींडेत तार बरोबर तिथेच शिरते. कारण बहुधा कोरडेपणाचं असतं: विदर्भ-मराठवाड्यातला हिवाळा, दिवसभर एसी, परदेशातली हीटर लावलेली घरं, किंवा घरी भांड्यांचा साबण. भांडी घासणाऱ्या हाताची तर्जनी चिरते तेव्हा दोष सतारीला लागतो. रबरी हातमोजे घालावेत, इलाज एवढाच.

ताज्या चिरेतून रक्त येत असेल तर गॉझने पाच मिनिटं सलग दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघितलं तर रक्त थांबत नाही. मग साबणपाण्याने धुणं, जेली, पट्टी. गंजलेल्या तारेने खोल कापलं असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. जुनी, कोरडी चीर असेल तर रात्री पेट्रोलियम जेली भरून पट्टी बांधून झोपा, चार-पाच रात्री. सकाळी पट्टी काढल्यावर तासभर वाजवू नका, कारण त्वचा मऊ झालेली असते.

फेविक्विकसारखा गोंद चिरेत भरून मैफल वाजवणारे आहेत. तो वैद्यकीय गोंद नव्हे. उघड्या जखमेत तो झोंबतो, दाह करतो, आणि कापसाला लागला तर इतका तापतो की भाजतं. न फुटलेल्या, कोरड्या घट्ट्यावर पातळ थर देणं ही वेगळी गोष्ट, पण तो थर सुटतो तेव्हा खालचा घट्टा घेऊनच सुटतो. नखांचं पारदर्शक पॉलिशही तसंच. त्यापेक्षा तार बदलून आणि स्वर उतरवून पाहावं.

घट्टा राखणं

चांगला घट्टा हाताने चाचपला तर चामड्याच्या बटव्यासारखा लागतो. प्लास्टिकच्या बटणासारखा लागला तर जास्त झाला. तो जाड झाला की तारेची खाच खोल होते, खाचेच्या दोन्ही कडा ताठ उभ्या राहतात आणि मींडेत तार त्या कडेला अडते. तिथून तो उकलायला लागतो.

आठवड्यातून एकदा, आंघोळीनंतर तासाभराने, घट्टा पूर्ण कोरडा झाल्यावर नखं घासायच्या पट्टीने किंवा 400 नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त कडा घासा. तार जिथे बसते तो मधला भाग नुसता गुळगुळीत करायचा, कमी करायचा नाही. एका बाजूने आठ-दहा हलके हात पुरतात. घासणं एका दिशेने, खाचेच्या लांबीत. सुटलेलं टोक दिसलं तर दाताने किंवा नेलकटरने तोडू नका. ते हमखास जिवंत त्वचेपर्यंत जातं. ब्लेड तर नकोच. पायाच्या कुरुपांसाठी मिळणाऱ्या कॉर्न कॅप इथे लावू नयेत. त्यातलं सॅलिसिलिक अॅसिड घट्टा विरघळवतं आणि शेजारची त्वचाही पांढरी करतं.

भिजलेला घट्टा हा सतारियाचा सर्वांत मोठा शत्रू. आंघोळ, पोहणं, धुणं यांनंतर किमान पाऊण तास वाद्याला हात लावू नये. पोहणाऱ्यांनी रियाज आधी करावा. दिवसा बोटांच्या टोकांना क्रीम नको, रात्री हाताला लावा आणि टोकं वगळा. स्पिरिटमध्ये रोज बोट बुडवून त्वचा कडक करायची युक्ती चालते, पण ती कोरड्या हवेत चिरा आणते. दमट हवेत घामट हातांसाठी वाजवण्यापूर्वी एकदा पुसून घेण्यापुरती ठेवावी.

नखीचं बोट

उजव्या तर्जनीचं दुखणं नखीतून, म्हणजे मिजराबीतून येतं. ती घट्ट असते म्हणून दुखते असं वाटतं, पण सैल नखीही तितकीच त्रास देते. ती प्रत्येक बोलाला थोडी फिरते, मग वाजवणारा तिला आत दाबतो आणि तारेचं कडं पेरावर रुततं.

नखीची दोन्ही बाजूंची कडी पहिल्या पेराच्या सांध्याच्या किंचित पुढे, नखाच्या मुळाच्या आसपास बसावीत आणि टोक बोटापुढे पाच-सहा मिलिमीटर यावं. जास्त पुढे आलं तर कडी जोरात पिळतात. बसवून हात झटका: नखी हलली नाही पाहिजे. मग पाच मिनिटं थांबून बोटाच्या टोकाचा रंग बघा. जांभळट झालं तर घट्ट आहे. छोट्या नाकाच्या पक्कडीने कडी अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्याने उघडा किंवा आवळा, तार एका ठिकाणी वारंवार वाकवली तर तुटते. फार थोडी सैल असेल तर कड्यांच्या आत बोटाला मायक्रोपोर टेपचा एक वेढा पुरतो. कापडी चिकटपट्टीपेक्षा तो पातळ असतो आणि घामाने सुटत नाही.

दर वीस मिनिटांनी नखी काढून बोट चोळा. वण पंधरा मिनिटांत उतरायला हवा. अनेक वर्षं वाजवणाऱ्यांच्या बोटावर कायमची बारीक खाच असते, तिच्याने काही होत नाही. पण नखी काढल्यावरही टोकाला मुंग्या येत राहिल्या, बधिरपणा राहिला तर त्या मापाची नखी टाकून द्या आणि आठवडाभरात बरं नाही वाटलं तर दाखवा. तारेचं कापलेलं टोक नखाच्या कडेला टोचत असेल तर तिथे नखुरडं होतं: नखाशेजारी सूज, ठणका, पू. टोक कानशीने गोल करून घेतलं तर हे टळतं. झालंच तर कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं बोट बुडवा आणि पू दिसला की डॉक्टरांकडे जा.

उजव्या अंगठ्याच्या कडेला, जिथे तो दांडीवर टेकतो, तिथेही घट्टा येतो. तो निरुपद्रवी. फक्त अंगठा तिथे रोवला जात असेल, टेकत नसेल, तर हात थकतो.

दिसायला फोड, पण फोड नव्हे

बोटांच्या बाजूंना बारीक, खाजणारे, साबुदाण्यासारखे दाणे आले तर ते घासण्याचे फोड नसतात. घासण्याचा फोड तारेच्या रेषेवर येतो आणि तो दुखतो, खाजत नाही. खाजणारे दाणे इसबाचे असू शकतात किंवा निकेलच्या अॅलर्जीचे. काही पडदे जर्मन सिल्व्हरचे असतात आणि त्यात नावात चांदी असली तरी तांबं, निकेल आणि जस्त असतं. कानातल्या नकली दागिन्यांनी ज्यांना पुरळ येतं त्यांनी इकडे लक्ष द्यावं. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून सांगतात.

डॉक्टरांकडे लगेच जायची लक्षणं: लाली रोज पसरत जाणं, रात्री झोपू न देणारा ठणका, पिवळा पू, ताप, किंवा बोटाकडून मनगटाकडे चढणारी लाल रेघ. शेवटचं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये.

खंड पडल्यावर आणि मैफिलीआधी

वाजवणं थांबलं की दोन-तीन आठवड्यांत घट्टा पापुद्र्यांनी सुटायला लागतो. सुटू द्या, ओढू नका. महिन्याभराच्या खंडानंतर पहिल्या दिवशी जुन्या सवयीने दीड तास बसणाऱ्यांना नवशिक्यांपेक्षा मोठे फोड येतात, कारण हाताला वेग आठवतो आणि त्वचेला काही आठवत नाही. पहिला आठवडा पंधरा मिनिटांच्या बैठका, षड्ज एक अर्धस्वर उतरवलेला. प्रवासात सतार नेता येत नसेल तर दांडीच्या जाडीच्या लाकडी पट्टीवर एक तार ताणून रोज दहा मिनिटं बोट घासलं तरी घट्टा टिकतो.

मैफिलीच्या आठवड्यात बाजाची नवी तार चार-पाच दिवस आधी चढवा, म्हणजे ताणून स्थिर होते आणि बोटाला तिची सवय होते. डाव्या हाताची नखं दोन दिवस आधी कापा, त्याच दिवशी नको. ताज्या कापलेल्या नखाखालची त्वचा कोवळी असते आणि तार नेमकी तिथे लागते. घट्ट्याच्या कडा तीन दिवस आधी घासून ठेवा. डबीतला कापूस नवा घ्या आणि पेटीत जादा बाजाची तार, मापाची दुसरी नखी, छोटी पक्कड, मायक्रोपोर आणि गॉझ टाका.